घर शकुंतलाबाईंचं, गेट निखाऱ्यांचं

आमच्या मंडळाच्या दिवाळी वार्षिकाच्या संपादकबाईंचा फोन आला. म्हणाल्या, "नोकरीबद्दल लिहा. पण कुठे लागलात, कुठे बदली झाली, प्रमोशन कोणी अडवलं, ते नको. गेल्या वर्षी रेल्वेतल्या काकांनी ते सगळं लिहिलं. त्यांच्या घरच्यांनीसुद्धा वाचलं नाही."

तेव्हा ते गाळते. मी निवृत्त उपयंत्री आहे, एवढं पुरे. आपल्या मध्य प्रदेशात ज्युनिअर इंजिनिअरला उपयंत्री म्हणतात. माझ्या नागपूरच्या नणंदेला अजूनही वाटतं की हे एखाद्या मशीनच्या सुट्या भागाचं नाव आहे.

शेवटची काही वर्षं मी सरकारी घरकुलाच्या कामावर होते. ज्याच्या कुटुंबात कोणाच्याही नावावर देशभरात कुठे पक्कं घर नाही, पण घर बांधण्यापुरता जमिनीचा तुकडा आहे, अशाला पहिलं घर बांधायला सरकार अनुदान देतं. घर बाईच्या नावावर पाहिजे, निदान तिचं नाव जोडीला तरी पाहिजे. अनुदान घेणाऱ्याला आमच्याकडे 'हितग्राही' म्हणतात. पैसे एकदम मिळत नाहीत. जोतं झालं की एक हप्ता, दारांच्या वरपर्यंत भिंती आल्या की दुसरा, छत पडलं, म्हणजे स्लॅब भरला, की तिसरा. आमच्या धंद्यात छत 'पडणं' ही आनंदाची बातमी असते. नव्या हितग्राहीला हे आधी समजावून सांगावं लागतं, नाहीतर तो घाबरतो.

दर टप्प्याला उपयंत्र्यानं जागेवर जाऊन मोबाईलवर फोटो काढायचा. फोटोत घर पाहिजे आणि घरासमोर हितग्राही पाहिजे. ऐकायला सोपं वाटतं. एका गृहस्थानं बायकोच्या जागी मेहुणी उभी केली होती. का, तर बायको फोटोत चांगली येत नाही! एका आजीबाईंच्या प्रत्येक फोटोत त्यांची म्हैस मधोमध यायची. वरून विचारणा आली, 'हितग्राही स्पष्ट करें.' मी फोटोवर बाण काढून पाठवला. तो बाण म्हशीकडे गेला होता असं आमचे साहेब तिवारीजी अजूनही लग्नकार्यात सांगतात. ते खोटं आहे.

तिवारीजी म्हणजे सहायक यंत्री. माणूस दिलदार, डब्यातली भाजी वाटून खाणारा, पण अनुदान म्हटलं की त्यांचं पित्त खवळायचं. "मैडम, आज सरकार घर दे रही है, कल दूल्हा भी देगी. आदमी को अपनी मेहनत से घर बनाना चाहिए." हे ते राइट टाउनातल्या, म्हणजे शहरातल्या बंगलेवाल्या भागातल्या, घरात राहून म्हणायचे, आणि ते घर त्यांच्या वडिलांनी बांधलेलं होतं. मी एकदा म्हटलं, "साहेब, बापानं दिलं तर वारसा आणि सरकारनं दिलं तर फुकट, असं कसं?" तिवारीजी म्हणाले, "बाप टैक्स के पैसे से नहीं देता." चांगलं उत्तर मला घरी कणीक मळताना सुचतं.

तसं त्यांच्या बोलण्यात तथ्य नव्हतं असं नाही. अनुदान मंजूर झाल्याची बातमी हितग्राहीच्या आधी वीटवाल्याला कळते आणि विटांचा भाव चढतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. ज्याच्याकडे वीतभरही जमीन नाही, त्याला आमच्या दारातून परत जावं लागायचं. शहराबाहेरच्या सदनिकांचा पत्ता आम्ही हातात द्यायचो. तो पत्ता वाचून झालेले चेहरे मला आजही आवडत नाहीत. आणि खोटं बोलणारे होतेच. पण एक गोष्ट लवकर लक्षात आली. 'घर आहे का?' असं विचारलं की ज्याला घर असतं तो ताबडतोब 'नाही' म्हणतो. ज्याला खरंच नसतं, तो जरा थांबतो, भाड्याच्या खोलीकडे हात करतो आणि म्हणतो, "है ना, यही तो है."

मधुकर निखारेही असंच म्हणाले होते.

निखारे लोखंडी गेटं, जाळ्या, जिने बनवायचे. गोहलपूरला दुसऱ्याच्या शेडमध्ये त्यांचं वेल्डिंगचं काम चालायचं. आडनाव निखारे आणि धंदा ठिणग्यांचा, हा विनोद त्यांना सगळ्यांनी ऐकवून झाला होता. मीही ऐकवला, आणि ते सवयीनं हसले. वडील भंडाऱ्याहून इथल्या कारखान्यात कामाला आलेले. त्यांचं अख्खं आयुष्य क्वार्टरमध्ये गेलं. वडील रिटायर झाले, क्वार्टर गेलं आणि निखारे भाड्याच्या खोलीत आले ते तिथेच पन्नाशी ओलांडून बसले. आता त्यांच्या बायकोला माहेरकडून गोहलपूरच्या पुढे नव्या वस्तीत एक चिंचोळा प्लॉट मिळाला होता. रजिस्ट्री बायकोच्या नावावर. घरमालक खोली विकायला निघालेला, दिवाळीपर्यंतची मुदत दिलेली. केस अगदी नियमात बसणारी होती.

"सही कोण करणार? प्लॉट शकुंतलाबाईंचा आहे. त्यांना घेऊन या," मी म्हटलं.

"ते जमत नाही, मॅडम."

"आजारी आहेत का?"

"नाही. बोलत नाही."

"बोलता येत नाही?"

"येतं. लय येतं. माझ्याशी बोलत नाही."

"काहून?"

निखाऱ्यांनी इकडे तिकडे पाहिलं. तिवारीजी डबा खात होते. मग माझ्या टेबलावर वाकून ते हळूच म्हणाले, "गेटामुळं."

दुसऱ्या दिवशी चौकशीसाठी मी त्यांच्या खोलीवर गेले. दार उघडंच होतं. आत पाऊल टाकलं आणि समोर चक्क एक गेट! खोलीच्या आत, भिंतीपासून भिंतीपर्यंत, बंगल्याला शोभेल असं लोखंडी गेट. एक झडप भिंतीला टेकवलेली, दुसरी खाट आणि गॅसची शेगडी यांच्या मधोमध तारेनं बांधलेली. दोन्ही झडपांवर पिसारा पसरलेला एकेक मोर, आणि झडपा मिटल्या की मधे पूर्ण होणारा उगवता सूर्य. काम असं की पिसाऱ्यातला डोळा न् डोळा वेगळा दिसावा. डाव्या मोराच्या गळ्यात ओला टॉवेल होता.

"या मॅडम," गजांमागून शकुंतलाबाई म्हणाल्या. त्या शेगडीपाशी बसल्या होत्या. "थांबा, गेट उघडते." कर्रर्र आवाज झाला, झडप सरकली आणि मी स्वयंपाकघरात गेले. म्हणजे दोन पावलं पुढे.

हकिकत अशी होती. राइट टाउनातल्या एका शेठनं बंगल्यासाठी हे गेट सांगितलं होतं. निखाऱ्यांनी जीव ओतून बनवलं. बसवायच्या आदल्या दिवशी शेठचा वास्तुवाला आला. म्हणाला, मोर एकमेकांकडे पाठ करून आहेत, लक्ष्मी दोन्ही दिशांनी निघून जाईल. शेठनं गेट नाकारलं. शेडमालक म्हणाला, कापून जाळ्या बनव. निखाऱ्यांचा हात चालेना. जन्मभर दुसऱ्यांच्या पसंतीच्या सळया उभ्या-आडव्या जोडल्या, मनासारखं काम एकदाच झालं, ते कापायचं? बाहेर ठेवलं तर गंजणार. म्हणून 'चार दिवस' म्हणून गेट घरी आणलं. चार दिवसांची दोन वर्षं झाली.

सुरुवातीला शकुंतलाबाईंनी समजून घेतलं. मग पाहुणे हसू लागले. मुलीला, पिंकीला, बघायला आलेला एक मुलगा सूर्यात शर्ट अडकून फाटल्यामुळे परत गेला. त्या संध्याकाळी शकुंतलाबाई म्हणाल्या, "या घरात एक तर हे गेट राहील, नाही तर मी." आणि निखारे म्हणाले, "तू कुठंही जाऊ शकते. गेट कुठं जाईल बिचारं?"

त्या दिवसापासून बाई नवऱ्याशी बोलल्या नव्हत्या.

माझ्यासमोरच नमुना पाहायला मिळाला. निखारे कोपऱ्यात उभे. शकुंतलाबाई माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "मॅडम, यांना सांगा, मी सही करते. पण नव्या घरात हे भंगार येणार नाही."

निखारे मला म्हणाले, "मॅडम, तिला सांगा, गेट नसेल तर घर कशाला? गेटाशिवाय घर म्हणजे बिना दाताचं तोंड."

"मॅडम, यांना विचारा, दात तोंडापेक्षा मोठे असतात काय?"

पिंकी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला होती. तिला मराठी सगळं समजायचं, पण तोंडातून हिंदीच यायचं. ती माझ्यासाठी चहा घेऊन आली आणि म्हणाली, "मैडम, साल भर से मैं ही पोस्ट ऑफिस हूँ. आज आप आ गईं, मेरी छुट्टी."

शकुंतलाबाईंचा दातांचा मुद्दा मला तांत्रिक वाटला म्हणून मी टेप काढला. गेट मोजलं, मग निखाऱ्यांच्या स्कूटरवर बसून प्लॉट मोजायला गेले. प्लॉटची रुंदी गेटापेक्षा हातभर कमी निघाली. म्हणजे गेट लावायचं तर घराला भिंत नको, आणि शेजाऱ्याच्या गोठ्यात एका मोराचं शेपूट.

"मग घर थोडं रुंद करा ना," निखारे म्हणाले.

"प्लॉट कुठून रुंद करू?"

"तुम्ही इंजिनिअर आहात."

मी उपाय सुचवला की एकच झडप लावा. निखाऱ्यांचा चेहरा असा झाला की जणू मी एका लेकराला अनाथाश्रमात टाकायला सांगितलं. "जोडी आहे, मॅडम. जोडी तोडू?"

खोलीवर परत येऊन हे मी शकुंतलाबाईंना सांगितलं. त्या पोळी लाटत होत्या. लाटणं थांबवून म्हणाल्या, "विचारा त्यांना, कोणत्या जोडीची काळजी करून राहिले ते!"



सही शेवटी झाली, ती घरमालकामुळे. तो गिऱ्हाईक घेऊन खोली दाखवायला आला. गिऱ्हाईकानं गेट पाहिलं आणि विचारलं, "ये जेल था क्या पहले?" घरमालक चिडला, म्हणाला आधी हे लोखंड हलवा. गेट उचलून प्लॉटवर नेऊन ठेवलं, ताडपत्री घालून. त्या दिवशी दोन वर्षांत पहिल्यांदा शकुंतलाबाईंनी खोलीत सरळ चालून पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्या स्वतः ऑफिसात आल्या. "सही कुठं करू सांगा. आधी घर होऊ द्या. गेटाचं मी पाहते."

त्यांनी इंजिनिअरपेक्षा नेटकी सही केली. मग पेन ठेवून विचारलं, "मॅडम, हे खरंच माझ्या नावावर राहील ना? यांच्या नाही?"

"तुमच्याच."

"म्हणजे मी म्हणीन तसं?"

मला कायद्यातलं सगळं माहीत नव्हतं, पण हा प्रश्न कायद्याचा नव्हता. मी "हो" म्हटलं. पलीकडून तिवारीजी कपाळाला हात लावून म्हणाले, "गई भैंस पानी में." पण फाईल त्यांनीच त्याच दिवशी पुढे सरकवली, हेही लिहिलं पाहिजे.

जोतं झालं. मी फोटोला गेले. नवरा-बायको दोघंही फोटोत पाहिजेत, असा आमचा आग्रह असायचा. शकुंतलाबाई जोत्याच्या एका टोकाला उभ्या राहिल्या, निखारे दुसऱ्या. मधे सगळं रिकामं. फोनमध्ये एका वेळी एकच मावे.

"जवळ या," मी म्हटलं.

निखारे एक पाऊल सरकले. शकुंतलाबाई एक पाऊल पलीकडे सरकल्या. निखारे आणखी सरकले, त्या आणखी. असं करता करता दोघं जोत्याच्या कडेनं अर्धी प्रदक्षिणा घालून जागा बदलून उभे राहिले. मिस्त्री हातातली तगारी, म्हणजे घमेलं, खाली ठेवून पाहत बसला. शेवटी मीच मागे सरकत गेले, दोघं फ्रेममध्ये आले आणि मी शेजाऱ्याच्या शेणाच्या ढिगात घोट्यापर्यंत गेले. फोटो मात्र चांगला आला. हप्ताही आला.

भिंतींच्या फोटोला मी जुने बूट घालून गेले.

छत पडायच्या दिवशी खरं तर मला जायची गरज नव्हती. फोटो नंतर काढायचा असतो. पण या केसनं मला ओढ लावली होती. सळया बरोबर बांधल्या की नाही ते पाहायचं निमित्त करून मी सकाळीच पोहोचले. छत कसं पडतं, ते थोडक्यात सांगते. खाली लाकडी बल्ल्या उभ्या करून त्यांच्यावर लोखंडी पत्रे अंथरतात, त्याला सेंटरिंग म्हणतात. त्यावर सळयांची जाळी आणि तिच्यावर ओलं काँक्रीट. काँक्रीट घट्ट होईपर्यंत सगळा भार त्या बल्ल्यांवर. एक बल्ली सरकली तरी छत पडतं, आणि तेव्हाचं पडणं आनंदाचं नसतं.

मिक्सर घरघरत होता. मजुरांची रांग तगाऱ्या वर चढवत होती. निम्मं छत भरून झालं आणि आतून 'चर्रर्र' आवाज आला. मी आत डोकावले. मधली एक बल्ली मऊ मातीत खचून तिरपी झाली होती आणि तिच्यावरचे पत्रे पोटासारखे खाली लोंबू लागले होते.

"मिक्सर बंद करा! सगळे खाली उतरा!" मी ओरडले. "जास्तीची बल्ली आणा!"

जास्तीची बल्ली नव्हती. सेंटरिंगवाल्यानं उरलेल्या बल्ल्या सकाळीच शहराच्या दुसऱ्या टोकाला मदन महलच्या कामावर पाठवल्या होत्या. तो फोन कानाला लावून "आ रही है, आ रही है" म्हणत गल्लीत पळत सुटला. मिस्त्रीनं डोक्याला हात लावला. पत्र्याच्या फटीतून काँक्रीटचं पाणी टपकायला लागलं. एवढ्या मुश्किलीनं आलेला हप्ता आमच्या डोळ्यांसमोर लोंबत होता.

निखारे भिंतीसारखे उभे. हातात काहीच सुचत नसल्यासारखी एक वीट.

आणि तेवढ्यात शकुंतलाबाई कडाडल्या, "अहो! पाहून काय राहिले? ते तुमचं गेट आणा!"

निखारे वळले. त्यांनी मागे पाहिलं, बाई दुसऱ्या कोणाशी तर बोलत नाहीत ना म्हणून.

"मी?"

"मग काय मिक्सरला म्हणून राहिले मी? उचला!"

ताडपत्री उडाली. निखारे, मिस्त्री आणि चार मजुरांनी एक झडप आत आणली. मी दाराबाहेरून सांगत होते, मजूर विटांचे थर रचत होते. विटांच्या थरांवर झडप उभी केली, वर पत्र्याखाली आडवा वासा घातला, पाचरी ठोकल्या. मग दुसरी झडप. उरलीसुरली फट भरून निघाली तसं लोंबणारं पोट हळूहळू वर गेलं आणि थांबलं. दोन मोर, दोन्ही बाजूंना तोंडं करून, डोक्यावर अख्खं छत घेऊन उभे राहिले. बंगल्यासाठी वापरलेलं जाड लोखंड होतं ते. जरासुद्धा वाकलं नाही.

पुढे बल्ल्या आल्या, छत पुरं भरलं. निखारे चुन्याच्या पिंपावर बसून राहिले होते. मला वाटलं गेटाच्या कौतुकानं गहिवरलेत. जवळ जाऊन म्हटलं, "कमाल केली तुमच्या गेटानं."

"अहो, गेट जाऊ द्या," ते म्हणाले. "ती मला 'अहो' म्हणाली. तुम्ही ऐकलं ना?"

"ऐकलं. सगळ्या वस्तीनं ऐकलं."

"आणि 'उचला' म्हणाली!"

सेंटरिंग निघेपर्यंत गेट नव्या घरातच अडकून पडलं. निघालं तेव्हा मोरांच्या पिसाऱ्यावर सिमेंटचे ओघळ वाळले होते. छिन्नीनं ते काढायला निखारे बसले, तर शकुंतलाबाई येऊन समोर उभ्या राहिल्या. पिंकीनं नंतर मला सांगितलं ते असं. बाई म्हणाल्या, "कापा." निखारे म्हणाले, "काय?" बाई म्हणाल्या, "मधला सूर्य कापा. तेवढं अरुंद करा म्हणजे बसेल. मोर नका कापू. छत त्यांनी धरलं, सूर्य काय कामाचा होता?"

निखाऱ्यांनी सूर्य कापला. ज्या हातानं दोन वर्षं एक सळई कापवली नाही, त्याच हातानं. कापून जरा रडले, असंही पिंकी म्हणाली, पण वेल्डिंगवाल्याचे डोळे नेहमीच लाल असतात, त्यामुळे खात्री नाही.

वास्तुशांतीचं आमंत्रण ऑफिसात सगळ्यांना होतं. तिवारीजी "सरकारी खर्च से बना महल देखें तो सही" म्हणत माझ्याबरोबर आले. एकखोली-स्वयंपाकघराचं घर, बाहेरून पोपटी रंग, आणि समोर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेट. आदल्याच दिवशी बसवलेलं, आत-बाहेर दोन्हीकडे उघडणारं. घरापेक्षा गेट मोठं वाटत होतं, पण आता ते प्लॉटच्या आत होतं. आणि निखाऱ्यांनी झडपांची अदलाबदल करून मोर समोरासमोर आणले होते. चोचीला चोच.

गुरुजी, नातेवाईक, शेडमधले मित्र, सगळे गल्लीत जमले. शकुंतलाबाई नव्या लुगड्यात कलश घेऊन तयार. गुरुजी म्हणाले, "चला, उघडा."

निखाऱ्यांनी कडी काढून गेट ढकललं. उघडेना. त्यांनी जोर लावला. उघडेना. मिस्त्री आला, मेहुणे आले, तिवारीजींनीही खांदा लावला. प्रकार असा होता की आदल्या दिवशीच्या रंगानं दोन्ही मोरांच्या चोची एकमेकींना घट्ट चिकटल्या होत्या.

"छिन्नी आणा, चोच तोडू," मिस्त्री म्हणाला.

"खबरदार!" निखारे आडवे झाले.

"मुहूर्त जातोय," गुरुजी म्हणाले.

पाच मिनिटं नुसता गोंधळ. मग दिसलं की शकुंतलाबाईंनी कलश पिंकीच्या हातात दिला, लुगड्याचा पदर खोचला आणि शेजाऱ्याच्या गोठ्यात गेल्या. गोठ्याच्या भिंतीला शिडी होती. कोणी काही म्हणायच्या आत त्या शिडीवरून भिंतीवर आणि भिंतीवरून आपल्या अंगणात उतरल्या. बाई गेटापाशी आल्या. आत त्या एकट्या, बाहेर नवरा, गुरुजी, पाहुणे आणि सरकार.

"इधर से कलश पकड़ा," त्या पिंकीला म्हणाल्या आणि गजांमधून कलश आत घेतला. मग नवऱ्याकडे पाहून म्हणाल्या, "अहो, घर कोणाच्या नावावर आहे?"

"तुझ्या," निखारे म्हणाले.

"जोरात सांगा. मॅडमच्या ऑफिसचे साहेब आले आहेत, त्यांना ऐकू जाऊ द्या."

"घर शकूच्या नावावर आहे!"

"आणि गेट?"

निखाऱ्यांनी मोरांवरून एकदा हात फिरवला. सगळी गल्ली त्यांच्या तोंडाकडे पाहत होती. तिवारीजींनी माझ्या कानात विचारलं, "क्या बोलेगा?" ते चवड्यांवर उभे राहून पाहत होते.

"गेट घराचं आहे," निखारे म्हणाले. "घर तुझं. म्हणजे तुझंच झालं."

"मग हटा बाजूला."

निखारे बाजूला झाले. शकुंतलाबाईंनी कलश तुळशीच्या रिकाम्या कुंडीपाशी ठेवला, दोन पावलं मागे गेल्या आणि लुगडं सावरून गेटाच्या बरोबर मध्यावर सणसणीत लाथ घातली. फटकन आवाज झाला, चोचींमधला रंग सुटला आणि दोन्ही झडपा गल्लीच्या बाजूला उघडल्या. एक झडप तिवारीजींच्या पोटाला लागली.

लोक हसत, टाळ्या वाजवत आत जायला निघाले. पण गेटात शकुंतलाबाई हात आडवा धरून उभ्या होत्या, आणि एकेकाचे पाय पाहून मगच आत सोडत होत्या. गुरुजींना त्यांनी चपला बाहेर काढायला लावल्या. मला म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही शेजाऱ्याच्या गोठ्याजवळ उभ्या होत्या का? मग आधी नळावर जा." तिवारीजी पोट चोळत निमूटपणे पाय धुऊन आले.

सगळ्यांच्या शेवटी निखारे आले. त्यांनी उंबऱ्याबाहेर थांबून बायकोकडे पाहिलं.

"पाय दाखवा," शकुंतलाबाई म्हणाल्या.

त्यांनी आधी एक पाय दाखवला, मग दुसरा.

"या," त्या म्हणाल्या.